उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्वाल्हेरहून दिल्ली: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मागच्या उन्हाळ्यात आम्ही सहा जणं दिल्लीला जाऊन आलो. मी, आमचे हे, तेरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी, सासूबाई आणि नणंदेची लेक. तेव्हापासून आमच्या लश्कर भागातल्या (ग्वाल्हेरचीच जुनी वस्ती) ओळखीच्या निम्म्या बायकांनी विचारून झालंय की अगं कशा गेलात, कुठे उतरलात, पोरं उन्हात आजारी नाही पडली का. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय. ज्याला जे हवं ते वाचा, बाकी सोडा.

मे महिन्यात दिल्ली? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?

सासऱ्यांनी पण हेच म्हटलं होतं आणि ते घरीच राहिले, कूलरसमोर. पण शाळांना सुट्टी असते कधी, तेव्हाच ना. दिवाळीत घर सोडवत नाही, डिसेंबरात धुक्याने गाड्या आठ आठ तास लेट. आणि खरं सांगू का, आपल्याकडे काय शिमला आहे? ग्वाल्हेरला पण पारा ४५ ला जातोच की. फरक इतकाच की इथे आपण दुपारी दारं-खिडक्या लावून झोपतो आणि तिथे लोक तिकीट काढून दगडांवर फिरतात. त्यामुळे नियम एकच, सकाळी साडेपाच-सहाला बाहेर, साडेदहा-अकराला आत, मग संध्याकाळी पाचनंतर परत बाहेर. दिवसाला दोन जागा, फार तर अडीच. ज्यांनी ‘एका दिवसात दिल्ली दर्शन’च्या बसमध्ये दहा ठिकाणं केली ना त्यांना विचारा काय पाहिलं, बसच्या सीटचा रंग सांगतील.

गाडी कोणती घ्यायची?

आपण मेन लाइनवर आहोत हे आपलं नशीब, भोपाळ-झाशीकडून येणाऱ्या कितीतरी गाड्या दिल्लीकडे जातात, अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडं वर. पण वेळ बघून घ्या. वंदे भारत भोपाळहून सकाळी निघून आपल्याकडे येते आणि दुपारी एकच्या सुमारास निजामुद्दीनला सोडते, म्हणजे बरोब्बर भट्टीत. गतिमान सकाळी दिल्लीहून आपल्याकडे येते आणि संध्याकाळी परत जाते, आम्ही जाताना ती घेतली, रात्री पोचलो, झोपलो, सकाळी ताजेतवाने. गतिमान शुक्रवारी नसते, कारण ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि ती गाडी मुळात आग्र्याच्या पर्यटकांसाठीच २०१६ मध्ये काढलेली. आग्रा ते दिल्ली ती १६० च्या स्पीडने जाते, मुलगा पूर्ण वेळ मोबाइलवर स्पीड बघत होता, बाहेर मथुरा गेली तरी त्याला पत्ता नाही.

रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, त्यामुळे मेच्या गाडीसाठी मार्चमध्येच अलार्म लावा. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मीच तिकीट महाग काढलं.

वेळापत्रक बदलत असतं, निघायच्या आधी एकदा बघाच.

कारने गेलो तर?

जा की. मुरैना, मग चंबळचा पूल, धौलपूर, आग्रा. चंबळच्या घळी मुलांना दिवसा दाखवा. पण सहा माणसं, एसी चालू, आणि दिल्लीत पार्किंग, आमच्या ह्यांनी एकदा केलं ते, परत नाव काढलं नाही.

उतरायचं कुठे?

मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, एवढी एकच अट ठेवा, बाकी पहाडगंज, करोलबाग काहीही चालेल. आम्ही फोटो बघून एक हॉटेल बुक केलं होतं, नाव घेत नाही, फोटोत खिडकी होती, खोलीत नव्हती. म्हणजे पडदा होता! पडदा सरकवला तर मागे भिंत. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, ऊन तरी येणार नाही. तर बुक करण्याआधी फोन करून विचारा, खिडकी आहे का, लिफ्ट आहे का, गरम होतं तेव्हा एसी दिवसा चालू देतात का.

आणि स्टेशनबाहेर कोणी गोड बोलून म्हणालं की तुमचं हॉटेल बंद पडलंय किंवा तिकडे रस्ता बंद आहे, चला मी सरकारी टुरिस्ट ऑफिसात नेतो, तर सरळ पुढे चालू पडा. आपलं हिंदी ऐकून ते जरा कमी त्रास देतात, पण देतात.

मेट्रोत लहान मुलांचं तिकीट लागतं का?

९० सेंटिमीटर म्हणजे तीन फुटांच्या आतलं मूल बरोबर असेल तर फुकट. स्मार्ट कार्ड घेतलं तर भाड्यात दहा टक्के सूट आणि मुख्य म्हणजे रांग नाही. पहिला डबा बायकांचा असतो, पण कुटुंब असेल तर वाटणी होते आणि मग पुढच्या स्टेशनवर कोण उतरलं कोण राहिलं, आमची भाची एकदा एक स्टेशन पुढे गेली. तेव्हा सगळे एकाच जनरल डब्यात चढा.

लाल किल्ल्याला त्याच नावाचं स्टेशन आहे, व्हायलेट लाइनवर. कुतुबमिनारचं यलो लाइनवर, तिथून पुढे थोडं ऑटोने. चांदणी चौक पण यलोवर.

सोमवारी काय काय बंद असतं?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आणि कोणी आधी विचारत नाही, तिथे गेटवर गेल्यावर कळतं. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, रेल म्युझियम बंद, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद. म्हणजे रविवारी पोचलात तर सोमवारी सकाळी कुतुब आणि संध्याकाळी हुमायूनची कबर, हे दोन्ही उघडे असतात. ताज आणि दिल्लीचा झू शुक्रवारी बंद. झूला तसंही मे महिन्यात जाऊ नका, वाघ सावलीत झोपलेला असतो, त्याला जास्त अक्कल आहे.

पुरातत्त्व खात्याच्या सगळ्या जागांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तेव्हा मुलांची आधार कार्डं जवळ ठेवा. मोठ्यांचं ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि उन्हातली रांग वाचते.

मुलांना किल्ले-कबरी बोअर होत नाहीत का?

होतात. पहिल्या दिवशी कुतुबला भयंकर झाली. मी आपली वाचून गेलेली, ७२ मीटरच्या वर उंची, ३७९ पायऱ्या, कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केला, अल्तमशने वर चढवला, वीज पडून वरचा भाग गेला तो फिरोजशाह तुघलकाने दुरुस्त केला. मुलीने एकच विचारलं, वर जाता येतं का? नाही येत. १९८१ मध्ये आत लाइट गेले, अंधारात चेंगराचेंगरी झाली, ४५ जणं गेली, त्यात पुष्कळशी शाळेची मुलं होती, तेव्हापासून वर जायचा रस्ता बंदच आहे. मग ती म्हणाली, मग काय करायचं इथे? उत्तर नव्हतं माझ्याकडे. लोखंडी खांब मात्र आवडला, सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आणि गंज नाही, आणि आपल्या बाल्कनीची जाळी तीन वर्षांत गेली.

त्या रात्री खोलीत सासूबाईंनी गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. त्यांनी सांगितलं की दिल्लीचे अर्धे किस्से आपल्या किल्ल्यावर येऊन संपतात आणि आपले किस्से दिल्लीत. मुलांनी ग्वाल्हेरचा किल्ला शंभरदा पाहिलाय, शाळेची सहल दर वर्षी तिथेच. तर दिल्लीची प्रत्येक जागा त्याला बांधून सांगायची. ही युक्ती माझी नाही, त्यांची आहे, पण मी आता सगळ्यांना सांगते.

म्हणजे कसं, उदाहरण सांगा ना

हुमायूनची कबर घ्या. लोक तिथे जातात, फोटो काढतात, ताजमहालासारखं दिसतं म्हणतात (खरं म्हणजे ताज हिच्यासारखा दिसतो, ही आधीची, हुमायूनच्या बायकोने १५७० च्या आसपास बांधून घेतली) आणि परत येतात. पण त्याच चौथऱ्यावर दारा शिकोहला पुरलंय. शाहजहानचा थोरला मुलगा, उपनिषदांचं फारसीत भाषांतर करून घेणारा. औरंगजेबाने त्याला १६५९ मध्ये मारलं. आणि मग धाकटा भाऊ मुराद, त्याला कुठे ठेवलं? आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर! मोगलांचं राजघराण्यातल्या कैद्यांसाठीचं तुरुंग म्हणजे आपला किल्ला. मुरादला तिथेच १६६१ मध्ये मारलं. दाराचा मुलगा सुलेमान शिकोह, तोही तिथेच, त्याला अफूचं पाणी पाजून पाजून संपवलं म्हणतात. म्हणजे बाप दिल्लीत आणि मुलगा ग्वाल्हेरात. हे ऐकल्यावर माझा मुलगा, जो सकाळपासून ‘कधी जायचं’ म्हणत होता, तो प्रत्येक कबरीपाशी थांबून विचारायला लागला की ही दाराची का, ही दाराची का. वर पुष्कळ कबरी आहेत आणि नक्की दाराची कोणती ह्यावर अजून वाद चालू आहे, तर त्याने स्वतःच एक ठरवली आणि नमस्कार केला.

आणि १८५७ मध्ये बहादूरशाह जफर पळून इथेच येऊन लपला, इथेच इंग्रजांनी धरला. त्यानंतर नऊ महिन्यांनी झाशीच्या राणीसाहेब आपल्या फूलबागेपाशी पडल्या. एकच युद्ध, एक टोक तिथे, एक इथे.

पायऱ्या उंच आहेत हं तिथल्या, गुडघे दुखणाऱ्यांनी खाली बागेतच बसावं. निजामुद्दीन स्टेशन जवळ आहे, त्यामुळे परतीची गाडी तिथून असेल तर शेवटच्या दिवशी सकाळी ही जागा ठेवता येते.

लाल किल्ल्यात आपल्या मराठ्यांचं काय आहे?

बोर्डावर विशेष काही नाही, म्हणून आपण सांगायचं.

शाहजहानने १६४८ ला किल्ला पुरा केला, मयूरासन वगैरे, ते १७३९ मध्ये नादिरशाह घेऊन गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही लाहोरी दरवाजातून आत शिरा, छत्ता बाजारात बांगड्या घ्यायला थांबू नका (नणंदेची लेक थांबली, वीस मिनिटं), सरळ शेवटपर्यंत चालत दिवाण-ए-खासपाशी जा. त्याचं छत चांदीचं होतं. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी सैन्याचे पगार द्यायला ते उतरवून वितळवलं. पानिपतच्या काही महिने आधी. मुलाने विचारलं, मग आपण चोर का? मी म्हटलं फौज उपाशी होती, सासूबाई म्हणाल्या होती ती गोष्ट झाली म्हणायचं आणि पुढे चालायचं. मला त्यांचं उत्तर जास्त प्रामाणिक वाटलं.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. पानिपतावर महादजी शिंदे जखमी झाले, पायावर असा वार की जन्मभर लंगडले. त्यांना रणातून बैलावर घालून कोणी वाचवलं तर राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने. महादजींनी त्याला भाऊ मानला, सरदार केला. मग १७७१ ला मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या जानेवारीत शाह आलम बादशहाला अलाहाबादहून आणून ह्याच किल्ल्यात गादीवर बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने किल्ल्यात घुसून त्या म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. ते सूड घ्यायला महादजींनी फौज पाठवली, तिच्या पुढे कोण होता? राणेखान. पाणी देणारा माणूस. त्याने किल्ला सोडवला, गुलाम कादिर पळाला, पकडला गेला आणि त्याचं पण तेच झालं जे त्याने केलं होतं.

मे महिन्याच्या उन्हात, हातात पाण्याची बाटली धरून ही गोष्ट सांगून बघा. माझी मुलगी त्या दिवशी दिवसभर सगळ्यांना पाणी देत फिरली, स्वतःला राणेखान म्हणवून घेत, एका सिक्युरिटीवाल्या भाऊंना पण दिलं.

तिथून १८०३ पर्यंत किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे पटपडगंजला लढाई झाली, जनरल लेक नावाच्या इंग्रज साहेबाने आपल्या फौजेला हरवलं आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. आता पटपडगंजला सोसायट्या आहेत, तिथे बघायला काही नाही, उगाच ऑटो करून जाऊ नका.

किल्ल्यात इंग्रजांच्या जुन्या बराकींमध्ये म्युझियम केलीत, आझाद हिंद सेनेचं आहे ते चांगलं आहे, खटला त्याच किल्ल्यात चालला होता. आत एसी आहे. हे मी मुद्दाम सांगतेय.

संसद भवन आणि राष्ट्रपती भवन बघता येतं का?

राष्ट्रपती भवनाचं ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, बऱ्याच आधी, ओळखपत्रासकट. ३४० खोल्या आहेत, सगळ्या दाखवत नाहीत बरं. बागेसाठी लोक विचारतात, ती फुलांची बाग फेब्रुवारी-मार्चची, मे महिन्यात कसली फुलं.

जुनी गोल संसद बाहेरून दिसते, १९२७ ची, लुटियन्स आणि बेकर साहेबांची. आपल्याकडे प्रत्येक जण सांगतो की ती मुरैनाजवळच्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून बांधली. दिसतात सारखी हे खरं, गोल, बाहेरून खांब. पण त्या साहेबांनी असं कुठे लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा मुलांना सांगा पण ‘म्हणतात’ लावून सांगा. आणि मितावली अजून पाहिली नसेल तर आधी ते पाहा, चाळीसेक किलोमीटरवर तर आहे. नवी त्रिकोणी संसद २८ मे २०२३ पासून शेजारी उभी आहे.

दिल्ली राजधानी कधी झाली हे मुलांना विचारा, १९४७ सांगतील. डिसेंबर १९११ च्या दरबारात कलकत्त्याहून राजधानी हलवायची घोषणा झाली आणि नवी दिल्ली बांधून उद्घाटन व्हायला १९३१ उजाडलं. वीस वर्षं! आमच्या गल्लीतला नाला त्या मानाने वेळेत होतोय.

इंडिया गेट संध्याकाळी की सकाळी?

संध्याकाळी, उशिरा. पण इंडिया गेटपेक्षा त्याच्या मागचं राष्ट्रीय युद्ध स्मारक बघा, २०१९ ला झालं, तिकीट नाही. गोल गोल भिंती आणि प्रत्येक विटेवर एकेका जवानाचं नाव, २५ हजारांहून जास्त. अमर जवान ज्योत २०२२ पासून इथल्या ज्योतीत मिळवली, इंडिया गेटखाली आता नाही, हे माहीत नसल्याने आमचे हे तिथे खाली वाकून शोधत होते. शेजारी परमवीर चक्र मिळालेल्यांचे पुतळे आहेत, रामा राघोबा राणे नाव दिसलं की मुलांना थांबवा.

आईंना/वडिलांना घेऊन जावं का? त्यांना झेपेल?

घेऊन जा. आमच्या सासूबाई ७१ च्या. त्यांना काय झेपलं ते सांगते. बंगला साहिब गुरुद्वारा सगळ्यात जास्त झेपला, संध्याकाळी सरोवराकाठी वारा, मग लंगर, पंगतीत बसून जेवल्या आणि म्हणाल्या ही आपल्या किल्ल्यावरच्या दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्याची मोठी बहीण. जंतरमंतर झेपलं, कारण छोटं आहे. सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास बांधलं, त्याचंच उज्जैनला आहे, ते त्यांनी लग्नाआधी पाहिलेलं, म्हणून तिथे गाइड त्याच झाल्या. प्रधानमंत्री संग्रहालय उत्तम झेपलं, पूर्ण एसी, बसायला जागा, दुपार काढायला ह्याहून चांगली जागा दिल्लीत नाही. अटलजींच्या दालनात त्या अर्धा तास उभ्या, कारण अटलजी आपले, शिंदे की छावणीतले, आणि प्रत्येक ग्वाल्हेरवाल्याप्रमाणे सासूबाईंच्या माहेरची पण त्यांच्याशी काहीतरी ओळख आहेच.

जामा मशीद नाही झेपली. पायऱ्या, आणि वर अंगणातला दगड असा तापलेला की अनवाणी पाय ठेववेना. जाड मोजे पिशवीत ठेवा, ही माझी सगळ्यात उपयोगी सूचना आहे ह्या पूर्ण पानावरची.

खायचं काय, आणि आपलं जेवण मिळतं का?

गाडीसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी, हे काही सांगायला नको. कैरीच्या पन्ह्याचा गर गूळ-वेलची घालून बरणीत घट्ट करून नेला होता, रोज सकाळी बाटलीत दोन चमचे गर आणि गार पाणी, सहा दिवस पुरला, कोणाला ऊन लागलं नाही. सत्तू पण नेला होता, तो कोणी प्यायलं नाही.

चांदणी चौकात परांठे वाली गली, दरिब्याच्या कोपऱ्यावरची जिलबी, फतेहपुरीकडे रबडी फालुदा. पराठा तिथे तव्यावर भाजत नाहीत, कढईत तळतात, त्यामुळे दोन माणसांत एक पुरे. आणि जिलबीबद्दल एवढंच म्हणेन की जाडजूड आहे, आपल्याकडे सकाळी कचोरीबरोबर मिळते ती बारीक कुरकुरीत जिलबी ज्याला आवडते त्याला पटणार नाही. दिवसा तो रस्ता गाड्यांना बंद, फक्त सायकल रिक्षा, म्हणून चालायला बरं पडतं. कापलेली फळं आणि रस्त्यावरचं बर्फ घातलेलं पाणी नको म्हणजे नको.

मराठी जेवणाची फार आठवण आली तर कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे, कोपर्निकस मार्गावर जुनं. आम्ही जेवायला गेलो, पिठलं-भाकरी मागवली. मुलं म्हणाली दिल्लीला येऊन पिठलं? आमचे हे काही बोलले नाहीत, दोनदा वाढून घेतलं.

दिल्लीत मराठी लोक आहेत का?

भरपूर. पहाडगंजात नूतन मराठी नावाची शाळा आहे, गणपती बसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीतच तालकटोरा स्टेडियमला झालं, अध्यक्ष तारा भवाळकर, त्याआधीचं दिल्लीतलं १९५४ चं. आणि तालकटोरा म्हणजे तेच जिथे १७३७ च्या मार्चात बाजीराव पेशवे येऊन थडकले होते, बरोबर मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे. राणोजी म्हणजे महादजींचे वडील. आम्ही स्टेडियमच्या बाहेरून ऑटोतून गेलो, मी सांगायला तोंड उघडलं तर मुलगी म्हणाली आई, आत्ता नको, झोप येतेय.

येता-जाता आग्रा करावा का?

आपल्याला आग्रा १२० किलोमीटर, तो हिवाळ्यात एका रविवारी होतो, त्यासाठी दिल्लीचा दिवस घालवू नका. पण ज्यांना करायचाच आहे त्यांनी सूर्योदयाला ताजच्या गेटवर असावं. मोठ्यांना ५० रुपये, आणि मुख्य कबरीपाशी वर जायचं तर वेगळे २००. दहानंतर संगमरवराची चमक डोळ्यांना सहन होत नाही.

आग्र्याचा किल्ला मात्र आपण मराठी लोकांनी चुकवू नये. १२ मे १६६६, औरंगजेबाचा दरबार, शिवाजी महाराज आणि बरोबर नऊ वर्षांचे शंभूराजे. म्हणजे असाच मे, असंच ऊन. दरबार दिल्लीला नसून आग्र्याला का, तर शाहजहान त्या किल्ल्यात कैदेत होता, तो जानेवारीत वारला आणि मगच औरंगजेब आग्र्याला आला. ऑगस्टमध्ये महाराज निसटले. बाहेर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. पेटाऱ्यांची गोष्ट मुलांना पाठ असते, त्यांना फक्त एवढंच विचारा की नऊ वर्षांच्या मुलाने तीन महिने नजरकैदेत काय केलं असेल, आणि मग गप्प बसा.

किती खर्च आला?

सगळ्यांना हाच आकडा हवा असतो. तिकिटं आणि मेट्रो मिळून काहीच नाही, खरा पैसा जातो तो खोलीत, ऑटोत आणि पाण्याच्या बाटल्यांत. सहा माणसं, दिवसाला पंधरा-सोळा बाटल्या. तिसऱ्या दिवसापासून मी मोठा थर्मास नेला, मेट्रो स्टेशनवर, म्युझियममध्ये भरून घेतला. ह्यांनी थर्मास उचलायला नाही म्हटलं, मग राणेखानला दिला.

मुलांसाठी किल्ले सोडून काही?

रेल म्युझियम, चाणक्यपुरीत. छोटी गाडी चालते, जुनी इंजिनं, पतियाळाची एका रुळावर चालणारी मोनोरेल. आपली छोटी लाइन, ग्वाल्हेर-श्योपूर, दोन फुटी रुळांची, २०२० ला बंद झाली, मुलीला ती आठवत पण नाही. सासूबाईंना आठवते, छतावर बसलेली माणसं, आणि उतरून चालत गाडीच्या पुढे जाता यायचं म्हणाल्या. मुलाने विचारलं मग गाडी कशाला? तर त्या म्हणाल्या, सामान होतं ना.

सकाळीच जा. बाहेरची इंजिनं अकरानंतर हात लावण्यासारखी राहत नाहीत.

परतताना काय आणलंत?

बांगड्या, छत्ता बाजारातल्या, वीस मिनिटांच्या. किनारी बाजारातून जरीची लेस, नणंदेसाठी. आणि बरणी रिकामी झाली होती ती मी तिथेच टाकणार होते, तर सासूबाईंनी धुवून पिशवीत घातली, यंदाच्या पन्ह्याचा गर आता त्यातच आहे.